मिंगेल मास्तरांचा डावा हात

माझा सा नेमका कुठं आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आयुष्यभर वाजवून पोट भरलेल्या माणसानं असं छापील कबूल करणं बरं दिसत नाही. पण संपादकांनी तुमच्या धंद्यातलं काही लिहा म्हणून तगादा लावला, मी कागद घेऊन बसलो आणि पहिलं वाक्य हेच उतरलं. खोडायचा प्रयत्न केला, तर पुढचं काही सुचेना. तेव्हा राहू दिलंय.

मी बारामतीच्या एका लग्नाच्या बँडात गिटार वाजवत होतो. एकोणीसशे पन्नासच्या पुढची ती चार-पाच वर्षं. हे सांगितलं की आमची नातवंडं हसतात. ढोल, ताशा, कॉर्नेट, क्लॅरिनेट यांच्या गदारोळात गिटार कुणाला ऐकू येणार? त्यांचं बरोबर आहे. कुणालाच येत नसे.

वरकुट्याचं एक लग्न सांगतो. भाजीपाल्याच्या मळ्यावर वर आलेलं घर. वरबाप असा की बँडातली माणसं एकेक बोट लावून मोजून घेणारा. तेरा जणांची बोली झाली होती. मोजत मोजत तो माझ्यापाशी येऊन थांबला.

"ह्यो तंबोरा आडवा का धरलाय?"

"तंबोरा न्हाय, गिटार हाय," मी म्हणालो.

"वाजतीया का?"

मी जोरात तारा छेडल्या. नेमका शेजारी ढोल सुरू होता. त्यानं वाकून गिटारीला कान लावला, जरा वेळ तसाच राहिला आणि आमच्या मास्तरांना म्हणाला, "तात्या, ह्ये नुसतं हात हलवणारं मानूस मी धरनार न्हाय. बारा झालं."

तात्यांनी गाडीतून झांजा काढल्या, माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाले, "आता मोजा." मग मी गिटार पाठीला बांधून वरात संपेपर्यंत झांजा वाजवल्या. त्या सगळ्यांना ऐकू आल्या.

आता बँडात गिटार आली कशी, ते सांगायला हवं. बँडवाल्याची खरी शेती म्हणजे त्याचे दात. फुंकीचं वाद्य ओठांनी वाजतं असं लोकांना वाटतं, पण ओठाला मागून टेका दातांचा लागतो. मी आधी कॉर्नेट वाजवत असे. एके दिवशी गाडी जुंपताना बैलानं मान झटकली आणि माझे वरचे दोन दात शिंगावर गेले. कॉर्नेटमधून नुसता वारा निघायला लागला. दुसऱ्या कुणी मास्तरनं मला हमाली दाखवली असती. तात्या क्लॅरिनेट वाजवायचे, बँड त्यांच्या नावावर चालायचा आणि माझ्यावर त्यांचा जीव होता. घरात मूलबाळ नव्हतं, म्हणून असेल. त्यांनी साखर कारखान्यावरच्या एका समारंभात गिटार पाहिली होती. बिनदाताचं वाद्य, एवढंच त्यांच्या मनात भरलं. माझा कॉर्नेट देऊन बदल्यात त्यांनी एक जुनी गिटार आणली आणि वर म्हणाले, "हितनं म्होरं तुजं दात ग्येलं तरी चालत्याल."

ती गिटार ज्यांची होती ते मिंगेल मास्तर. मूळचे गोव्याचे, कारखान्यात फिटर. हातापायांना कायम वंगणाचा वास, पण गळ्यात अकॉर्डियन अडकवलं की माणूस बदलायचा. अकॉर्डियन म्हणजे भात्याची, छातीवर धरायची पेटी. उजव्या हाताला पट्ट्या, त्यावर चाल वाजते. डाव्या हाताला बटणं, एक बटण दाबलं की तीन-तीन सूर एकदम उठतात. दर रविवारी मी सायकल मारत त्यांच्या खोलीवर जायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "माझा उजवा हात ऐकू नको. तो नुसता बडबडतो. डावा ऐक."

तो डावा हात काय करायचा, ते थोडक्यात सांगतो. पेटीवर सा, ग आणि प एकदम दाबा. हे एक कॉर्ड झालं. मास्तर त्याला घर म्हणायचे. गाणं थोडा वेळ या घरात बसतं, मग उठून दुसऱ्या घरात जातं, म, ध आणि वरचा सा. तिथून तिसऱ्यात, प, नी आणि रे. मग परत पहिल्यात. खालचा वाजवणारा अशी घरं बदलत राहतो आणि वर एकटा वाजवणारा आपल्या मनानं वाजवतो. त्याला सोलो म्हणतात. मनानं म्हणजे वाटेल तसं नव्हे. खाली घर बदललं, त्याच क्षणी तुमचं बोट नव्या घरातल्या तिघांपैकी एकावर पडलं पाहिजे. मधल्या वाटेनं कसेही जा, पायऱ्या चढा, उड्या मारा, पण पोचताना उंबऱ्यावर पाय हवा. शिवाय घरागणिक सप्तकातले सूर बदलतात. पहिल्या घरातला शुद्ध नी दुसऱ्या घराकडं निघताना कोमल होतो. तो नाही केला तर कानाला खडा लागतो.

वाचायला सोपं वाटतं. मी मात्र भजनात वाढलेला. भजनात पेटीवाला सा धरतो तो शेवटपर्यंत. बाकीचे सूर येतात-जातात, सा जागचा हलत नाही. मी मास्तरांना विचारलं, "मग यातला खरा सा कुठला?"

"आत्ता ज्या घरात आहेस, तिथला."

"आणि पुढच्या घरात गेल्यावर?"

"तिथला तिथं."

"मग मी माझ्या घरी कधी जायचं?"

मिंगेल मास्तर खो खो हसले. "गाणं संपल्यावर जा, बाबा."

मी सायकलवरून परत येताना सबंध रस्ताभर याचा विचार केला आणि काही उमगलं नाही. तात्यांना विचारलं तर ते भडकलेच. "कुंकू येकाच्याच नावानं लावत्यात, ज्ञान्या! दर कडव्याला नवरा बदलायचा का? सा सोडू नगंस."

झालं. रविवारी एका मास्तरांकडं घरं बदलायची आणि सोमवारी दुसऱ्यांकडं एकाच घरात बसायचं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी माझी गत. आमच्या बँडात कॉर्ड नव्हतंच. एक मोठा पितळी भोंगा होता, तो गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत सा धरून घुमत राहायचा. त्यावर मी जपून, चोरून पावलं टाकत असे. चार वर्षं असं चाललं. डोक्याला काही कळलं नाही, पण हात आपापलं शिकत होते. मिंगेल मास्तरांचं बटण नुसतं दाबलं जाण्याचा आवाज आला, की सूर उठायच्या आधी माझं बोट निघालेलं असायचं. याचा मला अभिमान होता, उगाच कशाला नाही म्हणू?

मग एका वैशाखाच्या तोंडावर तात्यांनी मला ओसरीवर बसवून घेतलं आणि तोंड उघडून दाखवलं. खालचे दोन दात त्यांनी बोटानं हलवले. ते आंब्याच्या देठासारखे हलत होते.

"कुनाला बोलू नगंस," ते म्हणाले. "घटकाभर वाजीवलं की रगत येतंय. ह्या साली कसंबसं ढकलीन. पळसदेवचा सामना हाय नव्हं? तितं चाल मी सुरू करीन, पर लांबचं मला जमनार न्हाय. मधला समदा तुकडा तुजा. तू राखलंस तर हितनं म्होरं बँड तुज्या गिटारीवर चालल, मी आपला काठी घिऊन म्होरं चालीन. न्हाय राखलंस तर दोगं कॉर्नेटवालं इंदापूरच्या बँडात निघाल्यात, त्येंचं ठरल्यालं हाय. त्ये ग्येलं की बँड मोडला."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आमच्याकडं सामना म्हणजे काय, ते आता कुणाला ठाऊक नसेल. वराकडचा एक बँड, वधूकडचा एक. दुपारची जेवणं झाली की मांडवात दोन्ही बँड समोरासमोर बसायचे. पहिल्या फेरीत एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. दुसरीत उलट. तिसरी फेरी खरी. दोघांनी एकाच वेळी आपापली चाल वाजवायची आणि गलक्यात आपला सूर सांभाळायचा. जो समोरच्याच्या सुरात गेला, तो हरला. किती गोड वाजवलं याला महत्त्व नाही, ढळला की ढळला. निकाल दोन्ही गावची म्हातारी माणसं द्यायची आणि हरलेल्या मास्तरनं आपलं वाद्य जिंकलेल्यापुढं सतरंजीवर ठेवायचं. उचलून परत द्यायचे लगेच, पण ठेवावं लागायचं.

पळसदेव म्हणजे जुनं पळसदेव, नदीकाठचं. आता ते धरणाच्या पाण्यात आहे. पाणी उतरलं की लोक देऊळ बघायला जातात. मांडव त्या देवळापासून जवळच होता. वधूपित्यानं हौसेनं लाउडस्पीकर आणला होता, त्याचा कर्णा लिंबावर टांगलेला. या लाउडस्पीकरवरच तात्यांचा सगळा भरवसा होता, कारण माईक गिटारीच्या पोटापुढं ठेवला की ती ढोलालाही ऐकू गेली असती.

आम्ही सतरंजीवर बसलो. समोर इंदापूरचा बँड. आणि त्यांच्या मधोमध, गळ्यात अकॉर्डियन घालून, मिंगेल मास्तर.

ते त्यांच्याकडं वाजवतात हे मला माहीत नव्हतं. गळीत हंगाम संपला होता, कारखान्याच्या कामातून त्यांना सवड मिळाली असणार आणि इंदापूरकरांनी त्यांना गाठलं असणार. तात्यांनी त्यांना कधी बोलावलं नव्हतं. गळ्यातली पेटी कशाला, आपला भोंगा बास आहे, असं त्यांचं मत. मास्तरांनी मला पाहून भुवया उडवल्या, छान हसले. मीही हसलो. शत्रूकडं बघून हसतात का, हे मला कळेना.

पहिल्या दोन फेऱ्या बरोबरीत गेल्या. तिसरी सुरू झाली. दोन्ही बँड एकदम उठले आणि मांडवात नुसता कल्लोळ. तात्यांनी आपली चाल धरली, दोन आवर्तनं वाजवली आणि क्लॅरिनेट खाली घेऊन मला मानेनं खूण केली. त्यांच्या ओठाच्या कडेला लाल दिसत होतं. माईक माझ्यापुढं सरकला.

मी सा वर सुरुवात केली. आमच्या सा वर. तो मला त्या वेळी पक्का माहीत होता, हे शपथेवर सांगतो. सा, ग, प असा हिंडून मी पंचमावर जरा थांबलो. भोंगेवाला माझ्या पाठीशी होता आणि त्याचा सूर कर्ण्याच्या आवाजात बुडाला होता. समोर आठ-दहा हातांवर मात्र अकॉर्डियन. आता त्यांचा सा आमच्या मध्यमावर होता. म्हणजे आमचं पहिलं घर हे त्यांचं तिसरं घर. तिसऱ्या घरात माणूस टिकत नाही, तिथून पहिल्याकडं जायची ओढ असते. मी त्यांच्या तिसऱ्या घरात बसलो होतो आणि मला वाटत होतं मी माझ्या घरात आहे.

समोर बटण वाजलं. माझा नी कोमल झाला.

मी केला नाही, झाला. बोट घसरून त्या सुरावरून खाली आलं आणि बरोबर त्यांच्या उंबऱ्यावर पडलं. मग दुसरं बटण, तिसरं बटण. डावा हात घर बदलत होता आणि मी प्रत्येक दारात वेळेवर हजर. चार वर्षं जे डोक्यात शिरलं नव्हतं ते हातातून धो धो वाहायला लागलं. मी असं कधी वाजवलं नव्हतं. लोक ओरडत होते, फेटे उडत होते, कुणीतरी माझ्या अंगावर गुलाल टाकला. मला वाटलं जिंकलो. खरंच सांगतो, मला वाटलं आपण तात्यांचा बँड वाचवला.

मग ढोल थांबले आणि एक म्हातारे आबा काठी टेकत पुढं आले. ते आमच्याच बाजूचे, वराकडचे.

"पोरा, झ्याक वाजीवलंस," ते म्हणाले. "पर तू तिकडचं वाजीवत हुतास की रं."

"न्हाय आबा, मी आपलंच..." मी म्हणालो आणि खात्री करायला भोंगेवाल्याकडं वळलो. तो मान खाली घालून बसला होता. कॉर्नेटवाले एकमेकांकडं बघत होते. मी सा लावून बघितला. जो लागला तो त्यांचा.

तात्या उठले. क्लॅरिनेट उपरण्यानं पुसलं, इंदापूरच्या मास्तरपुढं ठेवलं. त्यानं ते डोक्याला लावून परत दिलं. रीत होती तशी झाली. मला तोंड कुठं लपवावं कळेना आणि त्याच वेळी अंगातून तो सोलो अजून जात नव्हता. लाज आणि आनंद एकाच वेळी येऊ शकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मांडवामागं मी मिंगेल मास्तरांना गाठलं. "मास्तर, तुम्ही मला ओढलंत का?"

त्यांचा चेहरा पडलेला होता. "मी ओढलं? अरे, तू पंचमावर येऊन थांबलास, माझ्याकडं तोंड करून. मला वाटलं तू मला हाक मारतोयस. म्हणून मी दार उघडलं. तू यायला लागलास, मी उघडत गेलो."

"पण सामना होता!"

"तो मी विसरलो, बाबा," ते म्हणाले. "तू नव्हतास विसरलास?"

यावर मी वर्षानुवर्षं डोकं खाजवलंय. त्यांनी मला ओढलं, की मी त्यांना बोलावलं, की दोघंही रविवारच्या खोलीत जाऊन बसलो होतो आणि मांडव उगाच भोवती होता? खोटं बोलणारा तो माणूस नव्हता. पण मग दोष कुणाचा? माझाच म्हणावं, तर ज्या क्षणी मी चुकलो तोच माझ्या सगळ्या वाजवण्यातला सर्वांत बरोबर क्षण होता. पुढं मी पुण्यात ऑर्केस्ट्रात गेलो, कॉर्डांवरचे सोलो शेकड्यानं वाजवले, शिष्य केले, त्यांना घरं आणि उंबरे शिकवले. पोरं विचारतात, "सर, मूळ सा कुठला?" मी म्हणतो, गाणं संपल्यावर सांगतो. गाणं संपलं की ती विसरतात, हे माझं नशीब.

त्या लग्नानंतर पंधरा दिवसांत दोघं कॉर्नेटवाले इंदापूरला गेले. त्यांच्यामागं भोंगेवाला गेला. तात्यांनी सगळेच दात काढून घेतले. मी आठवडाभर त्यांच्या घराकडं फिरकलो नाही. मग एका सकाळी गिटार परत करायला म्हणून गेलो. तात्या ओसरीवर बसले होते. दोन्ही गाल सुजलेले, तोंडाचं बोळकं झालेलं. बोलणं फसफस बाहेर येत होतं, नीट कान द्यावा लागत होता.

मी गिटार भिंतीला टेकवली. पाया पडलो. म्हणालो, "तात्या, माझ्यामुळं बँड मोडला."

त्यांनी हात हलवला. "मोडनारच हुता. हरल्याचं मला काय न्हाय वाटलं. पर येक सांग. चार वर्सं माज्यापाशी गिटार वाजीवलीस. त्या दिशी वाजीवलंस तसं येकदा बी माज्यासंगं वाजीवलं न्हाईस. का रं?"

मी गप्प बसायला हवं होतं. चूक झाली, माफ करा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण मी तेव्हा तरुण होतो, खरं बोलायचं म्हणजे लगेच बोलायचं, अशी समजूत होती. मी म्हणालो, "तात्या, तुमच्याकडं खाली तसं धरणारं कुणी नव्हतं. मिंगेल मास्तरांचा डावा हात घरं बदलतो. तुमचा भोंगा एकाच सुरावर बसतो. त्याच्यावर मला कुठं जाताच येत नव्हतं."

मला वाटलं आता शिवी येणार. मला ती हवीशी वाटत होती.

"मग मला सांगायचं हुतंस, ज्ञानोबा," ते म्हणाले. "मी शिकलो असतो की रं."